मेंदूतला जेसी विषाणू: प्रतिकारशक्ती खचल्यावर होणारा पीएमएल

एचआयव्ही असलेल्या माणसाचा एक हात किंवा पाय हळूहळू लुळा पडायला लागला, की आपल्याकडच्या डॉक्टरांच्या मनात सगळ्यात आधी मेंदूचा क्षय येतो. त्यामागोमाग टॉक्सोप्लाझ्मा (एक परजीवी) आणि क्रिप्टोकॉकस (एक बुरशी). हा क्रम बरोबरच आहे. भारतात हे संसर्ग जास्त दिसतात, तिन्हींवर औषधं आहेत, आणि उपचाराला उशीर झाला तर तिन्ही जिवावर बेततात. पण काही रुग्णांच्या बाबतीत गणित जुळत नाही. ताप नसतो, मान आखडलेली नसते, डोकंही फारसं दुखत नसतं. क्षयाच्या गोळ्या सुरू होऊन महिना होत आला तरी हातातली ताकद कमीच होत जाते, मग बोलणं अडखळतं, मग एका बाजूचं दिसेनासं होतं. अशा वेळी ज्या आजाराचा विचार व्हायला हवा, पण अनेकदा फार उशिरा होतो, त्याबद्दल हा लेख आहे.

त्याचं वैद्यकीय नाव प्रोग्रेसिव्ह मल्टिफोकल ल्युकोएन्सेफॅलोपथी. डॉक्टर त्याला पीएमएल म्हणतात, आपणही तेच म्हणू. मेंदूच्या पांढऱ्या भागात अनेक जागी नासधूस होत जाते आणि ती वाढत राहते, असा हा आजार. तो जेसी नावाच्या विषाणूमुळे होतो. आजार सुरू होण्याच्या सुमाराला हा विषाणू कुणाकडून तरी लागतो असं बहुतेक वेळा नसतं. तो त्या माणसाच्या शरीरात कित्येक वर्षांपासून असतो. तुमच्या-माझ्या शरीरातही असण्याची शक्यता बरीच आहे.

यात घाबरण्यासारखं का नाही आणि काही ठरावीक लोकांनी मात्र काळजी का घ्यायची, हे समजायला हा विषाणू एरवी करतो काय ते पाहावं लागेल.

मूत्रपिंडातला मुक्काम

जगात ठिकठिकाणी लोकांचं रक्त तपासलं, तेव्हा निम्म्याहून अधिक प्रौढांच्या रक्तात जेसी विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) सापडली. म्हणजे या लोकांना कधी ना कधी त्याची लागण होऊन गेलेली असते. बहुतेकांना ती लहानपणी किंवा तरुणपणी होते आणि कळतही नाही. ना ताप, ना पुरळ, ना सर्दी. शहरांच्या सांडपाण्यात हा विषाणू आढळतो, त्यामुळे दूषित पाण्यातून किंवा अन्नातून तो पसरत असावा असं मानतात. शरीरात शिरल्यावर तो मुख्यतः मूत्रपिंडात मुक्काम ठोकतो आणि अधूनमधून लघवीवाटे बाहेर पडत राहतो. मूत्रपिंडाला त्यामुळे काही त्रास होत नाही. माणूस सत्तर-ऐंशी वर्षं जगतो, त्याच्याबरोबर विषाणूही जगतो आणि दोघांचं एकमेकांवाचून काही अडत नाही.

घरातल्या मोठ्यांकडून मुलांकडे असा तो पिढ्यान्‌पिढ्या जात राहिल्यामुळे जगाच्या वेगवेगळ्या भागांत त्याचे वेगवेगळे उपप्रकार तयार झाले आहेत. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांमध्ये सापडणारा उपप्रकार ईशान्य आशियातल्या उपप्रकाराशी जुळतो, आणि त्यावरून माणसांच्या प्राचीन स्थलांतराचा माग काढायचा प्रयत्न संशोधकांनी केला आहे. इतका हा विषाणू माणसाच्या सवयीचा आहे.

त्याला ताब्यात ठेवतं कोण? आपल्याला वाटतं प्रतिपिंडं. पण ज्यांना पीएमएल होतो त्यांच्या रक्तातही सहसा प्रतिपिंडं भरपूर असतात, तरी ती आजार थांबवू शकत नाहीत. खरं काम टी-पेशी नावाच्या पांढऱ्या रक्तपेशी करतात. विषाणू ज्या पेशीत शिरला आहे ती पेशी हुडकून तिचा निकाल लावणं हे टी-पेशींचं काम. एचआयव्हीच्या रुग्णांना ज्या सीडी-फोरच्या आकड्याची सवय असते, तो याच कुळातल्या पेशींचा आकडा आहे. सीडी-फोर पेशी बाकीच्या सैन्याला दिशा देतात, सीडी-एट पेशी प्रत्यक्ष घाव घालतात. ही यंत्रणा दीर्घकाळ दुबळी राहिली, तरच जेसी विषाणूला संधी मिळते. अशा संसर्गांना संधिसाधू म्हणतात ते यामुळेच.

पण नुसती संधी मिळून भागत नाही. लघवीत सापडणारा जेसी विषाणू मेंदूच्या पेशींमध्ये नीट वाढू शकत नाही. त्याच्या जनुकीय माहितीची लांबी जेमतेम ५,१०० अक्षरांची, आणि त्यातला एक लहानसा तुकडा कुठल्या पेशीत किती जोमानं वाढायचं ते ठरवतो. पीएमएलच्या रुग्णाच्या मेंदूत सापडणाऱ्या विषाणूत हाच तुकडा बदललेला असतो. काही भाग गळलेला, काही भाग दोनदा आलेला. टी-पेशींचा धाक नसताना विषाणू वाढत राहिला की असे बदल घडायला वाव मिळतो. लागण झालेली असणं, टी-पेशी खचणं आणि विषाणूत हा बदल होणं, या सगळ्या गोष्टी एकाच माणसात जुळून याव्या लागतात. म्हणून निम्म्या जगाला लागण असूनही आजार इतक्या थोड्यांना होतो.

मेंदूत गेल्यावर

मेंदूतल्या मज्जातंतूंवर मायलिन नावाचं स्निग्ध आवरण असतं. विजेच्या वायरीवर प्लास्टिक असावं तसं ते आहे. ते उखडलं की निरोप मध्येच अडकतो किंवा रेंगाळतो. मेंदूचा पांढरा भाग पांढरा दिसतो तो याच आवरणामुळे. ते तयार करतात ऑलिगोडेंड्रोसाइट नावाच्या पेशी. यातली एकच पेशी आपले हातपाय पसरून कित्येक तंतूंना आवरण पुरवते, कधीकधी पन्नासपर्यंत.

जेसी विषाणू नेमका या पेशींत शिरतो. आत त्याच्या असंख्य प्रती तयार होतात, पेशीचं केंद्रक फुगतं आणि शेवटी पेशी फुटून मरते. बाहेर पडलेले विषाणू शेजारच्या पेशी गाठतात. एक पेशी मेली की पन्नास तंतू उघडे पडले, हे लक्षात घेतलं की नुकसान इतक्या वेगानं का पसरतं ते कळतं. सुरुवातीला सूक्ष्म ठिपके असतात, मग ते एकमेकांत मिसळून मोठे डाग होतात.

लक्षणं कोणती दिसतील ते डाग कुठे पडले यावर ठरतं. एका बाजूच्या हातापायातली ताकद जाणं हे नेहमीचं. मेंदूच्या मागच्या भागात डाग पडला तर दोन्ही डोळे शाबूत असूनही अर्धं दृश्य नाहीसं होतं. माणूस दाराच्या चौकटीला धडकतो, ताटातल्या एका बाजूचं अन्न तसंच ठेवतो, रस्ता ओलांडताना एका बाजूनं येणारी रिक्षा त्याला दिसतच नाही. लहान मेंदूत डाग असेल तर चालताना झोक जातो, हात थरथरतो. काहींना शब्द सुचत नाहीत. काहींचा स्वभाव बदलतो, हिशोब चुकायला लागतात, आणि घरच्यांना वाटतं की हा निराश झालाय किंवा मुद्दाम दुर्लक्ष करतोय. काही रुग्णांना फिटही येते.

यात वेगाला फार महत्त्व आहे. पक्षाघाताचा झटका मिनिटांत येतो. पीएमएलमध्ये दुबळेपणा दिवसादिवसानं, आठवड्याआठवड्यानं वाढतो. सोमवारी चप्पल निसटत होती, पुढच्या आठवड्यात पाय ओढायला लागला, त्याच्या पुढच्या आठवड्यात जिना चढता येईना, अशी ही चढण असते. अचानक तोंड वाकडं झालं किंवा हात पडला, तर हा लेख आठवत बसू नका. तो झटका समजून त्याच क्षणी रुग्णालय गाठा, तिथे एकेक मिनिट मोलाचं असतं. पण हळूहळू वाढणाऱ्या दुबळेपणाला "अशक्तपणा आलाय, टॉनिक घेऊ" म्हणून अंगावर काढणं हेही तितकंच महागात पडतं.

हा आजार ओळखला कसा गेला

पीएमएलचं पहिलं रीतसर वर्णन १९५८ साली प्रसिद्ध झालं. आस्ट्रॉम, मॅनकॉल आणि रिचर्डसन या डॉक्टरांनी तीन रुग्णांच्या मेंदूंत हे विचित्र डाग पाहिले होते. दोघांना रक्ताचा कर्करोग होता, एकाला हॉजकिन्स लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग. तिघांचीही प्रतिकारशक्ती आजारानं पोखरलेली होती, पण यामागे विषाणू असेल याचा पुरावा त्या वेळी नव्हता. तो मिळाला १९६५ मध्ये, विस्कॉन्सिन विद्यापीठात. गॅब्रिएल झू राइन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अशा मेंदूचे काप पाहिले, तेव्हा फुगलेल्या केंद्रकांमध्ये गोल कण खच्चून भरलेले दिसले. पुढे १९७१ मध्ये त्याच विद्यापीठात बिली पॅजेट, ड्युअर्ड वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा विषाणू प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. ज्या रुग्णाच्या मेंदूतून तो मिळाला त्याच्या नावाची आद्याक्षरं विषाणूला मिळाली. त्याच वर्षी मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या एका रुग्णाच्या लघवीत याचा भाऊबंद सापडला. तो बीके विषाणू. तो मेंदूपेक्षा नव्या मूत्रपिंडाला जास्त छळतो आणि प्रत्यारोपण झालेल्या घरांना त्याचं नाव चांगलंच ठाऊक असतं.

तोवर पीएमएल म्हणजे पाठ्यपुस्तकातल्या एका परिच्छेदाचा आजार होता. एड्सची साथ आली आणि चित्र पालटलं. एचआयव्ही सीडी-फोर पेशींवरच घाला घालतो, त्यामुळे जेसी विषाणूला इतकं मोकळं रान यापूर्वी कधीच मिळालं नव्हतं. प्रभावी औषधं येण्यापूर्वी अमेरिका-युरोपात एड्सच्या दर शंभर रुग्णांमागे तीन ते पाच जणांना पीएमएल होत असे, आणि निदान झाल्यावर वर्षभर जगणारे दहात एक. १९९६ च्या सुमाराला तीन औषधांचा एकत्रित उपचार सुरू झाला, तेव्हा वर्षभर जगणारे दहात एकावरून दहात पाचांच्या आसपास गेले. जेसी विषाणूवर कुणी औषध काढलं नव्हतं. फक्त टी-पेशी परत आल्या होत्या.

एका औषधानं शिकवलेलं

या आजाराच्या इतिहासात मला सर्वात अस्वस्थ करणारा भाग नॅटालिझुमॅब या औषधाचा वाटतो. मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात आपल्याच टी-पेशी मेंदूत घुसून मायलिनवर हल्ला करतात. नॅटालिझुमॅब त्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटू देत नाही, त्यामुळे त्या मेंदूत शिरूच शकत नाहीत. औषध विलक्षण गुणकारी ठरलं. नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली आणि फेब्रुवारी २००५ मध्ये, म्हणजे अवघ्या तीन महिन्यांत, कंपनीला ते बाजारातून मागे घ्यावं लागलं. चाचण्यांत सहभागी झालेल्यांपैकी काहींना पीएमएल झाला होता. दोघं मल्टिपल स्क्लेरोसिसचे रुग्ण, एक आतड्याच्या क्रोन्स आजाराचा.

या रुग्णांच्या रक्तातल्या टी-पेशींचा आकडा कमी नव्हता. पेशी होत्या, पण त्यांना मेंदूत जायला बंदी होती. मायलिनवर हल्ला करणाऱ्या पेशींना रोखताना मेंदूत गस्त घालणाऱ्या पेशीही बाहेरच राहिल्या. निरोगी माणसाच्या मेंदूतही ही गस्त सतत चालू असते आणि जेसी विषाणूला ती आवर घालते, हे इतक्या लख्खपणे यापूर्वी कधी दिसलं नव्हतं. त्याची किंमत मात्र रुग्णांनी मोजली.

पुढे जे झालं ते वैद्यकशास्त्राला शोभणारं होतं. रुग्णसंघटनांनी सांगितलं की या औषधानं आम्ही पुन्हा चालायला लागलो, ते पूर्ण बंद करू नका. जून २००६ मध्ये ते कडक देखरेखीच्या अटीवर परत आलं. मग धोका नेमका कुणाला हे शोधलं गेलं. रक्तात जेसी विषाणूची प्रतिपिंडं असणं, दोन वर्षांहून जास्त काळ औषध घेतलेलं असणं आणि त्याआधी प्रतिकारशक्ती दाबणारी दुसरी औषधं घेतलेली असणं, या तिन्ही गोष्टी ज्याच्या बाबतीत खऱ्या त्याचा धोका हजारात दहाच्याही वर जातो. प्रतिपिंडं नसतील तर तो दहा हजारांत एकाच्या आसपास राहतो. औषध एकच, पण दोन माणसांच्या धोक्यात शंभर पटींचा फरक. आज हे औषध सुरू करण्यापूर्वी आणि नंतर दर काही महिन्यांनी प्रतिपिंडांची तपासणी होते, आणि काही ठिकाणी दोन मात्रांमधलं अंतर चार आठवड्यांवरून सहा आठवडे करून धोका आणखी खाली आणतात.

नॅटालिझुमॅब एकटं नाही. लिम्फोमा, संधिवात आणि इतर बऱ्याच आजारांत वापरलं जाणारं रिटुक्सिमॅब, प्रत्यारोपणानंतरचं मायकोफेनोलेट, दीर्घकाळ जास्त मात्रेत घेतलेली स्टिरॉइड्स, या सगळ्यांबरोबर क्वचित पीएमएल दिसला आहे. सोरायसिसवरचं एफालिझुमॅब हे औषध तर याच कारणानं २००९ मध्ये बाजारातून गेलं. हे वाचून कुणी आपली औषधं परस्पर बंद करू नयेत. ज्या आजारासाठी ती दिली आहेत तो आजार बळावण्याचा किंवा बसवलेलं मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका पीएमएलच्या धोक्यापेक्षा कितीतरी मोठा असतो.

भारतात हा आजार खरंच इतका विरळ होता का?

पाश्चात्त्य देशांत एड्सच्या रुग्णांना सर्रास होणारा हा आजार भारतात आणि आफ्रिकेत इतका कमी का दिसतो, हा प्रश्न बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू-मनोविकारांच्या राष्ट्रीय संस्थेतल्या डॉक्टरांनी २००३ मध्ये मांडला. जेसी विषाणू इथेही आहे, एचआयव्ही इथेही आहे, मग अडलं कुठे? काही उत्तरं दुःखद आहेत. आपल्याकडचे रुग्ण पीएमएल होण्याइतके जगतच नव्हते. क्षयरोग किंवा दुसरा एखादा संसर्ग आधीच त्यांना घेऊन जाई. एमआरआय मोजक्या शहरांत होता, विषाणूचा डीएनए शोधणारी पीसीआर चाचणी त्याहून मोजक्या प्रयोगशाळांत, आणि मृत्यूनंतर मेंदूची तपासणी जवळपास कुठेच नाही. जे शोधलंच नाही ते सापडणार कसं? एक जैविक शक्यताही मांडली गेली. एचआयव्हीतलं टॅट नावाचं प्रथिन जेसी विषाणूला वाढायला मदत करतं. भारतात एचआयव्हीचा सी उपप्रकार प्रामुख्यानं आढळतो आणि त्याचं टॅट पाश्चात्त्य देशांतल्या बी उपप्रकारापेक्षा थोडं वेगळं आहे, त्यामुळे ही मदत इथे कमी होत असावी.

माझं मत असं, की "आपल्याकडे पीएमएल नसतो" हा जुना समज आता धोक्याचा आहे. १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत एचआयव्हीची औषधं मोफत मिळू लागली. सुरुवात झालेल्या मोजक्या रुग्णालयांत मुंबईचं जे. जे. होतं. २०१७ पासून सीडी-फोरचा आकडा कितीही असो, निदान होताच औषध सुरू करायचं धोरण आहे. देशात सर्वात जास्त एचआयव्हीबाधित महाराष्ट्रात आहेत, साडेतीन लाखांच्या वर, आणि त्यातले बहुसंख्य आज आपापल्या कामधंद्यात आहेत. ज्यांचं औषध मध्येच सुटतं किंवा ज्यांचं निदानच उशिरा होतं, त्यांना धोका आहे. दुसरीकडे रिटुक्सिमॅबची भारतीय बनावटीची स्वस्त आवृत्ती २००७ पासून मिळते, मूत्रपिंड-यकृताची प्रत्यारोपणं जिल्ह्याच्या गावांतल्या लोकांपर्यंत पोचली आहेत. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारा माणूस आता लातूरच्या एसटीत आपल्या शेजारी बसलेला असू शकतो. त्याला हात-पाय जड वाटायला लागले तर तो आधी गावातल्याच डॉक्टरकडे जाणार, म्हणून त्या डॉक्टरला हे नाव ठाऊक असायला हवं.

निदान

पहिली पायरी एमआरआय. सीटी स्कॅनमध्ये सुरुवातीचे डाग सुटून जातात. एमआरआयवर पांढऱ्या भागात डाग दिसतात, पण आजूबाजूला सूज नसते, मेंदू एका बाजूला ढकलला गेलेला नसतो आणि कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन दिल्यावर डाग सहसा उजळत नाहीत. क्षयाच्या किंवा टॉक्सोप्लाझ्माच्या गाठीभोवती सूज येते आणि तिची कड उजळते. हा फरक अनुभवी रेडिऑलॉजिस्टच्या डोळ्यात भरतो, पण त्याला रुग्णाची प्रतिकारशक्ती कमी आहे हे कुणीतरी सांगितलेलं असावं लागतं.

दुसरी पायरी पाठीतलं पाणी काढून त्यात जेसी विषाणूचा डीएनए शोधणं. पाठीत सुई घालायची म्हटलं की घरचे हादरतात. कण्यातला मज्जारज्जू जिथे संपलेला असतो त्याच्या खालच्या जागी सुई घालतात, त्यामुळे लुळेपणा येत नाही. या पाण्याशिवाय निदान पक्कं होणं अवघड असतं. पीसीआरमध्ये विषाणू सापडला आणि एमआरआयचं चित्रही जुळलं, तर निदान झालं. नाही सापडला तरी आजार नाही असं म्हणता येत नाही, कारण विषाणूचं प्रमाण फार कमी असेल तर चाचणी चुकते. मग ती पुन्हा करतात, आणि फारच अडलं तर मेंदूचा सूक्ष्म तुकडा काढून तपासतात.

निदानातला सगळ्यात मोठा अडथळा मात्र यंत्रांचा नाही. एआरटी केंद्र, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणारं केंद्र, एका रुग्णालयात, मेंदूचे डॉक्टर दुसऱ्या. रुग्णाबरोबर भाऊ आलेला असतो, त्याला एचआयव्हीबद्दल काही माहीत नसतं. डॉक्टर विचारतात, "आधीचा काही आजार? कुठली औषधं चालू आहेत?" रुग्ण मान हलवतो, काही नाही. त्या एका उत्तरानं तपासणीची दिशाच चुकते आणि आठवडे वाया जातात. पीएमएलमध्ये गेलेला आठवडा म्हणजे मेलेल्या पेशी, आणि त्या परत येत नाहीत. या लपवण्याचा दोष मी रुग्णाला देणार नाही. गावात बातमी फुटली तर पोरीचं लग्न अडेल, भाड्याची खोली जाईल, ही भीती खरी आहे. एचआयव्ही प्रतिबंधाचा २०१७ चा कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार रुग्णालयाला भेदभाव करता येत नाही आणि रुग्णाच्या संमतीशिवाय त्याची स्थिती इतरांना सांगता येत नाही. म्हणून एवढं नक्की करता येतं: नातेवाइकांना दोन मिनिटं बाहेर थांबायला सांगा असं डॉक्टरांना म्हणा, आणि मग सगळं सांगा. डॉक्टरांनीही हा प्रश्न दहा माणसांसमोर विचारू नये.

उपचार

जेसी विषाणूला मारणारं औषध नाही. सायटॅराबिन, सिडोफोव्हिर, मलेरियावरचं मेफ्लोक्विन, अशी बरीच औषधं वापरून पाहिली. चाचण्यांत कशाचाच पक्का उपयोग दिसला नाही. उपचार म्हणजे टी-पेशींना पुन्हा उभं करणं. एचआयव्ही असेल तर एआरटी ताबडतोब सुरू करणं, किंवा चालू असलेलं काम करत नसेल तर बदलणं. नॅटालिझुमॅब चालू असेल तर ते थांबवणं. काही ठिकाणी रक्तातलं उरलेलं औषध काढायला प्लाझ्मा बदलतात, त्याच्या फायद्याबद्दल डॉक्टरांत मतभेद आहेत. प्रत्यारोपणाच्या रुग्णात प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी करतात, आणि तिथे डॉक्टरांची खरी कसोटी लागते, कारण बसवलेला अवयव वाचवायचा की मेंदू, असा तो पेच असतो.

इथे घरच्यांना आधीच सांगून ठेवायला हवी अशी एक गोष्ट आहे. उपचार सुरू झाल्यावर काही आठवड्यांत रुग्ण उलट खालावू शकतो. टी-पेशी परत येतात, मेंदूत विषाणू भरलेला पाहून एकदम तुटून पडतात आणि त्या हल्ल्याची सूज मेंदूला सोसावी लागते. याला आयरिस म्हणतात. सूज जिवावर उठण्याइतकी असेल तर स्टिरॉइड देतात. "गोळ्या सुरू केल्या आणि माणूस जास्तच बिघडला" असं म्हणून एआरटी बंद करणं ही या टप्प्यावरची सर्वात घातक गोष्ट. हे बिघडणं म्हणजे टी-पेशींचा लढा सुरू झाल्याचाच पुरावा असतो.

नव्या संशोधनाची दिशाही हीच आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कर्करोग केंद्रात तीन रुग्णांना दुसऱ्या निरोगी माणसांच्या टी-पेशी दिल्या गेल्या. या पेशी बीके विषाणूविरुद्ध तयार केलेल्या होत्या, पण बीके आणि जेसी इतके सारखे आहेत की त्या जेसीलाही ओळखतात. तिघांच्याही पाठीतल्या पाण्यातला विषाणू घटला, दोघांची प्रकृती सुधारली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या डॉक्टरांनी आठ रुग्णांना पेम्ब्रोलिझुमॅब दिलं. हे कर्करोगावरचं औषध दमलेल्या टी-पेशींवरचा लगाम सैल करतं. आठांपैकी पाच जणांचा आजार थांबला किंवा सुधारला. आकडे लहान आहेत आणि प्रत्येकाला उपयोग होत नाही, पण जिथे हात टेकले जायचे तिथे काहीतरी करता येतं हे त्यातून दिसलं.

प्रतिकारशक्ती खचल्यावर मेंदूत शिरणारा जेसी हा एकटाच विषाणू नाही, आणि इतर काहींवर औषधं आहेत, म्हणून त्यांची नावं सांगतो. नागीण ज्या विषाणूमुळे होते तो मेंदूच्या रक्तवाहिन्यांना सूज आणून पक्षाघात घडवू शकतो, कधी नागिणीनंतर काही आठवड्यांनी. त्यावर ॲसायक्लोव्हिर आहे. सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस) सहसा सीडी-फोर पन्नासच्या खाली गेल्यावर त्रास देतो, त्यावर गॅन्सिक्लोव्हिर. अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत एचएचव्ही-६ हा विषाणू स्मृतीच्या भागाला सूज आणतो, माणूस पाच मिनिटांपूर्वीचं विसरतो. पाठीतलं पाणी तपासायला जातं तेव्हा जेसीबरोबर हेही शोधायला सांगितलेत का, एवढं डॉक्टरांना जरूर विचारा.

जे वाचतात त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना काही ना काही अपंगत्व उरतं. फिजिओथेरपी आणि स्पीच थेरपी रुग्णालयातच सुरू करावी, घरी गेल्यावर बघू म्हणू नये. ज्याला एका बाजूचं दिसत नाही त्याला गाडी चालवू देऊ नये, त्याचं ताट-पाणी दिसणाऱ्या बाजूला ठेवावं, आणि न दिसणाऱ्या बाजूला मान वळवून पाहायची सवय लावावी. सेवा करणाऱ्या निरोगी माणसाला या रुग्णापासून पीएमएल होत नाही. भांडी वेगळी ठेवायची, मुलांना जवळ येऊ द्यायचं नाही, असल्या गोष्टींची काहीही गरज नाही.

शेवटी, एक प्रश्न हमखास विचारला जातो: मी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेतो, मला काही त्रास नाही, तरी जेसीची रक्ततपासणी करून घेऊ का? नॅटालिझुमॅब घेणार असाल किंवा घेत असाल तर हो, आणि ती तुमचे डॉक्टर करवतीलच. एचआयव्ही, प्रत्यारोपण, रिटुक्सिमॅब किंवा स्टिरॉइड चालू असलेल्यांना तिचा फारसा उपयोग नाही. निम्म्याहून अधिक लोकांत ती पॉझिटिव्ह येणारच, आणि त्यावरून पुढे काही ठरवता येत नाही. ते पैसे वाचवा. त्याऐवजी चालू औषधांची चिठ्ठी पाकिटात ठेवा, एआरटीची गोळी एकही दिवस चुकवू नका, सीडी-फोर आणि व्हायरल लोडच्या (रक्तातल्या एचआयव्हीच्या प्रमाणाच्या) तपासणीची तारीख पाळा. एआरटी केंद्र कुठे आहे हे माहीत नसेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर नाव न सांगताही विचारता येतं.